लाल पेन्सिल आणि न धाडलेली पत्रं : लिंकन, संपादक रेमंड आणि १८६४ ची निवडणूक

२२ ऑगस्ट १८६४ रोजी न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला एक खाजगी पत्र गेलं. लिहिणारा हेन्री रेमंड आणि ज्याला लिहिलं तो अब्राहम लिंकन, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. मतदानाला जेमतेम अकरा आठवडे उरले होते. पत्रातली बातमी अशी होती की आज मतदान झालं तर आपण हरतो. सल्ला असा होता की संघराज्यातून फुटून यादवी युद्ध लढणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्याकडे ताबडतोब तहाचा प्रस्ताव पाठवा आणि त्यात गुलामगिरीचा विषय काढू नका.

बातमी खरी होती. सल्ला मात्र असा होता की तो मानला असता तर त्या वर्षीची निवडणूकच काय, पुढचा सगळा इतिहास वेगळा झाला असता. लिंकनने त्यावर काय केलं, काय लिहिलं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय लिहून ठेवलं पण पाठवलं नाही, ते या प्रकरणात तपशिलाने पाहू.

रेमंड म्हणजे कोण

हार्पर बंधूंनी १८५० मध्ये न्यूयॉर्कात 'हार्पर्स न्यू मंथली मॅगझिन' हे मासिक काढलं तेव्हा त्याचं संपादन तिशीतल्या रेमंडकडे आलं. पुढच्याच वर्षी त्याने जॉर्ज जोन्सला बरोबर घेऊन 'न्यूयॉर्क टाइम्स' सुरू केला. काही वर्षं तो मासिक आणि दैनिक दोन्ही सांभाळत होता. राजकारण त्याच्या अंगातच होतं. १८५४ मध्ये तो न्यूयॉर्क राज्याचा उपराज्यपाल म्हणून निवडून आला. ही उमेदवारी 'ट्रिब्यून'चा संपादक होरेस ग्रीली याला हवी होती. ग्रीलीच्याच हाताखाली रेमंड काम शिकलेला, आणि ताटातला घास त्यानेच उचलला. ग्रीली त्याला 'तो लबाड छोकरा' अशा अर्थाच्या शेलक्या शब्दांत ओळखत असे. हे वैर पुढे आपल्या प्रकरणात कामाला येणार आहे.

जून १८६४ मध्ये बाल्टिमोरला अधिवेशन भरलं. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षातल्या युद्धाच्या बाजूच्या लोकांनाही सामावून घ्यावं म्हणून रिपब्लिकन पक्षाने तिथे 'नॅशनल युनियन पार्टी' असं नाव घेतलं आणि लिंकनला पुन्हा उमेदवारी दिली. ठरावसमितीची सूत्रं रेमंडकडे होती. ठरावांतला एक असा की राज्यघटनेत दुरुस्ती करून गुलामगिरी कायमची संपवावी. अधिवेशनानंतर रेमंड पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा अध्यक्षही झाला. म्हणजे अग्रलेख, पक्षाची तिजोरी आणि गावोगावची खबरबात, तिन्ही एकाच माणसाच्या हाती. निवडणूक फंडासाठी सरकारी नोकरांच्या पगारातून वर्गणी कापायची त्याची धडपड चालू होती. ब्रुकलिनच्या नौदल गोदीतल्या कामगारांकडूनही ती घ्यावी असा त्याचा आग्रह, आणि नौदलमंत्री गिडियन वेल्स आपल्या रोजनिशीत त्यावर धुसफुसताना दिसतो.

ठराव लिहिणारा रेमंड आणि ऑगस्टमध्ये तोच ठराव बाजूला ठेवा म्हणणारा रेमंड यांच्यात अडीच महिन्यांचंच अंतर आहे. त्याला दुटप्पी म्हणून मोकळं होता येईल, पण ते फार सोपं आहे. मधल्या काळात काय घडलं ते आधी पाहायला हवं.

जुनी ओळख, जुना पत्रव्यवहार

लिंकन आणि रेमंड यांची खाजगी पत्रं १८६० च्या निवडणुकीपासूनची. निवडून आल्यावर, पण सूत्रं हाती घेण्याआधी, लिंकनवर चहूकडून दडपण होतं की दक्षिणेला धीर देणारं काहीतरी बोला. रेमंडचंही मत तसंच. २८ नोव्हेंबर १८६० ला 'खाजगी आणि गोपनीय' असा शेरा मारून लिंकनने त्याला कळवलं की सिनेटर ट्रंबुल यांच्या भाषणातून असा धीर देण्याचा एक प्रयोग आपण करून पाहिला. विरोधी वर्तमानपत्रांपैकी एकानेही ते लोकांना शांत करण्यासाठी वापरलं नाही. उलट ज्याला जो अर्थ हवा तो त्याने काढला. शेवटी बायबलातलं वचन: ते चिन्ह मागतात, पण चिन्ह त्यांना मिळणार नाही.

दुसरं पत्र ९ मार्च १८६२ चं, तेही 'खाजगी'. गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेल्या सीमेवरच्या राज्यांनी गुलामांना मुक्त करावं आणि मालकांना सरकारने भरपाई द्यावी अशी योजना लिंकनने काँग्रेसपुढे मांडली होती. टाइम्सने हेतू चांगला म्हटला, पण खर्च झेपणार नाही अशी शंका काढली. लिंकनने पाटीवर गणित मांडावं तसं ते मांडलं. माणशी चारशे डॉलर धरले तर डेलावेअरमधल्या सगळ्या गुलामांची भरपाई युद्धाच्या अर्ध्या दिवसाच्या खर्चाहूनही कमी. डेलावेअर, मेरीलँड, राजधानीचा जिल्हा, केंटकी आणि मिसूरी मिळून धरले तर युद्धाचा ८७ दिवसांचा खर्च. हे तुमच्या लक्षात आलंय का, आणि अशी पावलं उचलली तर युद्ध ८७ दिवसांहून जास्त लवकर संपणार नाही का, असा त्याचा सवाल. जमल्यास आणखी एक लेख लिहा, असंही सुचवलं.

संपादकांशी वागायची त्याची रीत यातून कळते. वर्तमानपत्र असो की नियतकालिक, तो ते ओळ न् ओळ वाचायचा. जानेवारी १८६४ मध्ये 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' या बॉस्टनच्या नियतकालिकात त्याच्या धोरणाची तरफदारी करणारा मोठा लेख आला. निवडणुकीच्या वर्षात इतकी स्तुती छापून येते म्हटल्यावर दुसरा कोणी आभार मानून थांबला असता. लिंकनने प्रकाशकांचे आभार मानले आणि मग लिहिलं की पान २५२ च्या माथ्यावरून सुरू होणारं बारा ओळींचं वाक्य जसं आहे तसं नसतं तर बरं झालं असतं.

ग्रीलीची चिठ्ठी आणि लाल पेन्सिल

१८६४ चा उन्हाळा उत्तरेला फार जड गेला. मे-जूनमध्ये उत्तरेच्या जनरल ग्रँटने व्हर्जिनियात दक्षिणेचा सेनापती ली याच्यावर सतत चढाई केली. वाइल्डरनेस, स्पॉट्सिल्व्हेनिया, कोल्ड हार्बर अशी एकामागून एक लढाई झाली, पन्नास हजारांवर माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली, आणि शेवटी पीटर्सबर्गच्या वेढ्यात फौज अडकली. जुलैत दक्षिणेचा जनरल अर्ली थेट वॉशिंग्टनच्या वेशीवर धडकून गेला. १८ जुलैला लिंकनने आणखी पाच लाख माणसं मागितली. स्वयंसेवक पुरे पडले नाहीत तर सप्टेंबरात सक्तीची भरती. मतं मागायच्या तोंडावर घराघरातून पोरं मागणारा उमेदवार तो. ५ ऑगस्टला त्याच्याच पक्षाच्या दोन पुढाऱ्यांनी, बेन्जामिन वेड आणि हेन्री विंटर डेव्हिस (हा डेव्हिस वेगळा) यांनी, त्याच्यावर जाहीर तोफ डागली, आणि ती छापली ग्रीलीच्या ट्रिब्यूनने.

याच ग्रीलीने ७ जुलैला लिंकनला लिहिलं की नायगाराच्या धबधब्यापाशी, कॅनडाच्या बाजूला, जेफरसन डेव्हिसचे वकील, म्हणजे दूत, तहाचे पूर्ण अधिकार घेऊन आलेत. आपला देश रक्तबंबाळ, दिवाळखोर, मरणपंथाला लागलेला आहे, तो शांततेसाठी तळमळतोय, अशी त्याची भाषा. लिंकनचा या वकिलांवर विश्वास नव्हता. पण 'राष्ट्राध्यक्षाने शांततेला लाथ मारली' असा मथळा उद्या ट्रिब्यूनमध्ये नको होता. ९ जुलैच्या उत्तरात त्याने डाव उलटवला. संघराज्य पूर्ववत आणि गुलामगिरीचा त्याग, या दोन गोष्टी असलेला डेव्हिसचा लेखी प्रस्ताव ज्याच्याकडे असेल, त्याला तुम्ही स्वतः माझ्याकडे घेऊन या, मी सुखरूप ये-जा करू देतो. ग्रीली टंगळमंगळ करू लागला तेव्हा १५ जुलैला लिंकनचा टोला आला की तुम्ही मला पत्र पाठवाल अशी माझी अपेक्षा नव्हती, माणूस आणाल अशी होती.

मग गोंधळ झाला. नायगाराच्या मंडळींकडे कसलेच अधिकार नव्हते. ग्रीलीने त्यांना लिंकनच्या दोन अटी सांगितल्याच नाहीत. लिंकनने सचिव जॉन हे याच्या हाती 'ज्यांचा संबंध असेल त्यांच्यासाठी' अशा मायन्याचं १८ जुलैचं पत्र पाठवलं, त्यात त्याच दोन अटी. दक्षिणेच्या लोकांनी ते वर्तमानपत्रांकडे दिलं आणि कांगावा केला की आधी बोलावलं, मग ऐनवेळी अटी घातल्या. उत्तरेतल्या विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. त्यांचा प्रचार असा की शांतता दारात उभी आहे, हा माणूस काळ्यांच्या मुक्तीपायी तुमची मुलं मारतोय.

यातून सुटायची एक साधी वाट होती. सगळा पत्रव्यवहार छापायचा. अटी ९ जुलैपासून होत्या हे लोकांना दिसलं असतं आणि उघडा पडला असता ग्रीली. टाइम्समधून रेमंड तेच मागत होता. जुन्या मालकाची फजिती झाली तर त्याला दुःख होणार नव्हतं. लिंकनही तयार होता. त्याने सगळा पत्रव्यवहार खाजगीत छापून घेतला आणि ९ ऑगस्टला ती प्रत ग्रीलीला पाठवली. ग्रीलीच्या पत्रांतल्या काही ओळी लाल पेन्सिलने खोडलेल्या होत्या. कोणत्या, तर आपल्या लढ्याचं चित्र फार निराश रंगवणाऱ्या आणि निवडणुका जिंकणं हा कृतीमागचा हेतू म्हणून दाखवणाऱ्या.

या सगळ्या प्रकरणाची किल्ली मला इथे दिसते. निराशेच्या ओळी खोडणं समजू शकतं; युद्धाच्या ऐन भरात 'देश मरणपंथाला' हे शत्रूच्या हाती कोण देईल? पण निवडणुकीचा उल्लेख खोडणं वेगळं. तहाचा निर्णय मतांसाठी घेतला जातोय असा संशयसुद्धा छापील कागदावर येऊ नये, याची ती काळजी होती. खंदकातल्या सैनिकाला आपण मतदानाच्या तारखेसाठी मरतोय असं वाटलं की लढाई तिथेच संपली.

ग्रीली अडून बसला. छापायचं तर सगळं छापा. १५ ऑगस्टला लिंकनने खोडलेली प्रत रेमंडला पाठवली आणि कळवलं की ग्रीलीने मला ज्या खोट्या स्थितीत आणून ठेवलंय तिचे परिणाम सध्या मीच सोसावेत. हा नाउमेद करणारा मजकूर छापून देशाला त्याचे परिणाम भोगायला लावण्यापेक्षा ते बरं. त्याने निर्दोष ठरण्याचा पुरावा हातात असताना तो खिशात ठेवला, आणि हे त्याने कळवलं ते त्याच पुराव्याची सर्वांत जास्त गरज असलेल्या प्रचारप्रमुखाला.

रेमंडचं पत्र

आठवडाभराने रेमंडने लेखणी उचलली. प्रत्येक राज्यातल्या आपल्या खंद्या पाठीराख्यांशी माझा पत्रव्यवहार चालू आहे आणि सगळीकडून एकच सूर येतोय, असं तो सुरुवातीलाच सांगतो. मग नावानिशी हिशेब. वॉशबर्न म्हणतात, आज इलिनॉयमध्ये मतदान झालं तर आपण पडू. इलिनॉय म्हणजे लिंकनचं स्वतःचं राज्य. कॅमरन म्हणतात, पेनसिल्व्हेनिया विरोधात आहे. गव्हर्नर मॉर्टन म्हणतात, आटोकाट झटलो तरच इंडियाना हाती लागेल. आणि न्यूयॉर्क? उद्या मतदान झालं तर पन्नास हजारांनी विरोधात.

कारणं दोन. पहिलं, रणांगणावर यश नाही. दुसरं, लोकांच्या मनात घर केलेला संशय की गुलामगिरी सुटेपर्यंत या सरकारच्या राज्यात शांतता येणारच नाही, मनात आणलं तर संघराज्य राखून शांतता मिळू शकते. या संशयाशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्याची निंदा करण्यात तर त्याहून नाही, असं रेमंड म्हणतो. प्रचार सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य वाचावं असं आहे. लोकांचा समज चुकीचा असला तरी तो खोडून निघत नाही. तो हलतो एखाद्या ठसठशीत कृतीने.

ती कृती म्हणून त्याने सुचवलं की रीतसर एक वकील नेमावा. डेव्हिसला बंडखोर सैन्याचा प्रमुख म्हणून तहाचा प्रस्ताव द्यावा आणि अट एकच ठेवावी, राज्यघटनेचं वर्चस्व मान्य करण्याची. बाकीचे सगळे प्रश्न सर्व राज्यांच्या लोकपरिषदेत सोडवावेत. डेव्हिस तो झिडकारणारच, कारण त्याला स्वातंत्र्याहून कमी काही नको. मग दक्षिणेचा भ्रम फुटेल, आणि इथे लोक युद्ध, सक्तीची भरती आणि कर हे अटळ म्हणून स्वीकारतील.

पत्र वाचताना रेमंड हुशार वाटतो, आणि तो होताही. पण त्याच्या हिशेबात एक खातं कोरं राहिलं. गुलामगिरीचा त्याग ही अट 'बाकीच्या प्रश्नांत' ढकलल्याचं उत्तरेच्या निळ्या गणवेशातल्या काळ्या सैनिकाने ऐकलं असतं तर? लिंकनच्या मनात ते खातं सगळ्यात वर होतं, आणि त्याचा पुरावा रेमंडच्या पत्राआधीचा आहे.

विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे गावच्या 'ॲडव्होकेट' पत्राचा संपादक चार्ल्स रॉबिन्सन हा युद्धाच्या बाजूचा डेमोक्रॅट. ७ ऑगस्टला त्याने लिंकनला कळवळून लिहिलं की गुलामगिरीच्या अटीने आमच्यासारख्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतली. १७ ऑगस्टला लिंकनने उत्तराचा मसुदा केला. दोन अटींचा प्रस्ताव आला तर विचार करू, याचा अर्थ त्याहून वेगळं किंवा कमी आलं तर करणार नाही असा होत नाही, अशी त्यात वकिली मेख आहे. आणि शेवटी आव्हान आहे की गुलामगिरीबद्दल न बोलता डेव्हिसला शांतता हवी असेल तर त्याने मला अजमावून पाहावं. त्याच सुमारास टाइम्सच्या अग्रलेखातही हीच मेख होती. पण त्याच मसुद्यात मधोमध उलटा प्रवाहही आहे. ज्या काळ्या लोकांना आपण स्वातंत्र्याचं वचन देऊन बोलावलं त्यांना दगा दिला तर ते आपल्यासाठी जीव का धोक्यात घालतील?

१९ ऑगस्टला फ्रेडरिक डग्लस भेटीला आला. गुलामीतून पळून आलेला, स्वतः संपादक, देशातला सर्वांत मोठा काळा पुढारी. लिंकनने त्याला अशा एका पत्राचा मसुदा दाखवून सल्ला विचारला, आणि डग्लस म्हणाला, पाठवू नका. लोक याचा अर्थ तुम्ही माघार घेतली असाच लावतील. त्याच दिवशी विस्कॉन्सिनहून आलेल्या पाहुण्यांना लिंकनने सुनावलं की पोर्ट हडसन आणि ओलस्टीच्या लढायांतल्या काळ्या योद्ध्यांना परत गुलामीत लोटा म्हणणारे लोक आहेत. तसं केलं तर इहलोकी आणि परलोकी मी शापित ठरेन. रॉबिन्सनचं पत्र गेलं नाही.

मराठी वाचकाला इथे थोडं थांबावंसं वाटेल. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांनाच, गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल. ऑगस्ट १८६४ मध्ये ती अट 'बाकीच्या प्रश्नांत' गेली असती, तर त्या अर्पणपत्रिकेला विषय राहिला असता का, सांगता येत नाही. मुंबईचा त्या युद्धाशी दुसरा संबंध रोकड्याचा. अमेरिकेचा कापूस अडकल्याने इथे पैशाचा पूर आला होता, आणि तिकडची शांतता म्हणजे इथलं दिवाळं. युद्ध संपलं त्याच वर्षी, १८६५ मध्ये, ते वाजलंही.

तीन दिवस, तीन कागद

२३ ऑगस्टच्या सकाळी लिंकनने एक छोटं टिपण लिहिलं. गेले काही दिवस दिसतंय तसं आजही, हे सरकार पुन्हा निवडून येणार नाही असंच फार संभवतं. तसं झालं तर निवडणूक आणि नव्या अध्यक्षाचा शपथविधी यांच्या दरम्यान त्याच्याशी सहकार्य करून संघराज्य वाचवणं माझं कर्तव्य ठरेल, कारण तो ज्या भूमिकेवर जिंकलेला असेल तिच्यावर राहून नंतर त्याला ते वाचवता येणार नाही. कागदाची घडी घालून तो चिकटवला आणि मंत्र्यांना न वाचता पाठीवर सह्या करायला लावल्या. मजकूर त्यांना कळला ११ नोव्हेंबरला, निकालानंतर. म्हणजे रेमंडचं निदान लिंकनला पूर्ण मान्य होतं. पराभव त्याने गृहीत धरला होता.

दुसरा कागद २४ ऑगस्टचा, आणि त्यावरून अभ्यासकांत वाद आहे. ही रेमंडच्याच नावे काढलेली आज्ञा. आपण तातडीने निघावं आणि डेव्हिसशी तहाची बैठक मिळवायचा प्रयत्न करावा. भाषा पूर्ण आदराची ठेवावी. प्रस्ताव असा ठेवावा की संघराज्य आणि राष्ट्रीय सत्ता पूर्ववत झाली की युद्ध लगेच थांबेल आणि उरलेले सगळे प्रश्न शांततेच्या मार्गाने सोडवायचे. गुलामगिरीचं नाव नाही. रेमंडने मागितलं जवळजवळ तेच.

जॉन निकोले आणि जॉन हे या लिंकनच्या दोन सचिवांनी पुढे लिहिलं की प्रस्ताव नीट कागदावर उतरवून रेमंडला त्यातला फोलपणा दाखवावा एवढ्याचसाठी हा मसुदा होता. काही इतिहासकारांना हे भक्तीचं स्पष्टीकरण वाटतं. त्यांच्या मते लिंकन त्या एका दिवशी खरंच डगमगला. मला दोन्ही पूर्ण पटत नाहीत. हा माणूस कठीण निर्णय लिहून पाहायचा. रागाची पत्रं लिहून ती ड्रॉवरात ठेवायची त्याची सवय प्रसिद्ध आहे. बोलण्यातून गोड वाटणारा सल्ला, 'आपण निघावं' अशा आज्ञेच्या रूपात, खाली सहीसाठी जागा सोडून कागदावर आला की कसा दिसतो हे त्याला पाहायचं असावं. त्या कागदात मोह नव्हताच असं मात्र मी म्हणणार नाही. फक्त फोलपणा दाखवायचा असता तर अटी इतक्या काळजीने कशाला मांडल्या असत्या?

२५ ला रेमंड समितीची माणसं घेऊन वॉशिंग्टनला आला. निकोलेने त्या दिवशी हेला पाठवलेलं पत्र चांगलंच तिखट आहे. न्यूयॉर्कच्या राजकारण्यांत पळापळ माजली आहे, रेमंडला वाटतं दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडला, वकील पाठवणं हाच एक तरणोपाय, आणि 'टायकून' म्हणतो तो सत्यानाश होईल. टायकून म्हणजे लिंकन; सचिवांनी त्याचं पाडलेलं नाव. लिंकनने सीवर्ड, स्टँटन आणि फेसेंडेन या तीन वजनदार मंत्र्यांना बैठकीला बसवलं. वकील पाठवणं हे निवडणूक हरण्यापेक्षा वाईट, लढाईआधीच शस्त्र खाली ठेवून शरण जाणं, असा युक्तिवाद झाला. रेमंडला तो पटला आणि मंडळी धीर घेऊन परतली. मसुदा तसाच राहिला. २२ तारखेच्या पत्राला लेखी उत्तर गेलंच नाही. जे सांगायचं ते समोर बसवून सांगितलं. संपादकाला लिहिलेलं पत्र कितीही 'खाजगी' असलं तरी अर्धंच खाजगी असतं, हे नायगाराने नुकतंच शिकवलं होतं.

नंतर काय झालं

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्टच्या अखेरीस शिकागोला डेमोक्रॅटांनी युद्ध फसलं असं सांगणारा जाहीरनामा केला आणि त्यावर उमेदवार उभा केला जनरल मॅक्लेलन. २ सप्टेंबरला दक्षिणेतलं अटलांटा शहर पडलं. रेमंडच्या पहिल्या कारणावर तोडगा निघाला, तो उत्तरेच्या जनरल शर्मनने काढला, कुठल्याही वकिलाने नाही. ग्रीली त्याच दिवशी आणखी दोन संपादकांबरोबर उत्तरेच्या गव्हर्नरांना पत्रं पाठवत होता, लिंकन निवडून येऊ शकतो का, की उमेदवार बदलायचा, असं विचारत. महिनाभरात ट्रिब्यून लिंकनच्या प्रचाराला लागला होता.

लिंकन निवडणुकीपासून अलिप्त राहणारा साधू होता असं मात्र कोणी समजू नये. १९ सप्टेंबरला त्याने शर्मनला लिहिलं की इंडियानात सैनिकांना छावणीतून मत देता येत नाही, तेव्हा जमेल तितक्यांना मतदानाला घरी जाऊ दिलंत तर फार बरं. हा हुकूम मुळीच नाही, अशी पुस्तीही जोडली. 'न्यूयॉर्क हेरल्ड'चा संपादक बेनेट वर्षभर त्याची टर उडवत होता. त्याला चुचकारायचे प्रयत्न मध्यस्थांमार्फत झाले, आणि फेब्रुवारी १८६५ मध्ये लिंकनने त्याला फ्रान्सचं वकीलपद देऊ केलं. बेनेटने ते घेतलं नाही. सैनिकाची रजा आणि संपादकाची बढती यांत हात घालायला लिंकनची हरकत नव्हती. युद्ध कशासाठी चाललंय या प्रश्नाला मात्र तो मतांचा स्पर्श होऊ देत नव्हता. सप्टेंबरात आणखी एका राजकीय मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने कारण भावनेऐवजी यंत्राच्या हिशेबात मांडलं. सैनिक, खलाशी आणि मजूर म्हणून आपल्याकडे असलेली एक लाख चाळीस-पन्नास हजार काळी माणसं आपण गमावू शकत नाही. ही भावनेची किंवा आवडीनिवडीची बाब नसून वाफेच्या किंवा घोड्याच्या शक्तीसारखी मोजता येणारी ताकद आहे. तेही पत्र त्याने पाठवलं नाही.

८ नोव्हेंबरला लिंकनला २१२ निर्वाचक मतं (राज्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींची मतं) मिळाली, मॅक्लेलनला २१. इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया, इंडियाना तिन्ही लिंकनकडे. पन्नास हजारांनी जाणार म्हणून रेमंडने सांगितलेलं न्यूयॉर्कही आलं, पण सव्वासात लाखांहून जास्त मतांत सात हजारांहूनही कमी फरकाने. रेमंड स्वतः काँग्रेसवर निवडून गेला. ऑगस्टमधला त्याचा आकडा घाबरटपणाचा होता असं म्हणायची सोय त्या निकालाने ठेवलेली नाही. अटलांटा नसतं तर तो खराच ठरला असता.

उरतो त्याच्या सल्ल्यातला डेव्हिसविषयीचा अंदाज. त्याची परीक्षा ३ फेब्रुवारी १८६५ ला व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ हॅम्पटन रोड्सला 'रिव्हर क्वीन' या बोटीवर झाली. लिंकन आणि सीवर्ड दक्षिणेच्या तीन वकिलांना भेटले. डेव्हिसने त्यांना 'दोन देशांमधल्या' शांततेसाठी पाठवलं होतं, लिंकनच्या निमंत्रणात 'आपल्या एका समान देशाच्या' लोकांसाठी शांतता असे शब्द होते. बैठक काही तासांत संपली, निष्पन्न काही झालं नाही. डेव्हिस संघराज्याची अट मानणार नाही, हे रेमंडने बरोबर ओळखलं होतं. पण बोटीवर जाताना लिंकनच्या हातात गुलामगिरीची अट शाबूत होती, आणि तीनच दिवसांपूर्वी, ३१ जानेवारीला, बाल्टिमोरच्या ठरावात मागितलेली ती घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहाने मंजूर केली होती.